दामोदरसाठी ठेवलेलं टेबल

परीक्षा चालू होती. मी पर्यवेक्षक म्हणून वर्गात उभा होतो, आणि दारात दामोदर पाटलाचा धाकटा भाऊ नामदेव येऊन थांबला. तो राहनाळच्या गोदामात कामाला असतो. अंगावर कामाचेच कपडे होते. त्याने तोंड उघडण्याआधीच मी हात वर करून त्याला थांबायला सांगितलं. पेपर संपायला चाळीस मिनिटं होती आणि परीक्षेचे नियम मी नेहमीच नको तितके पाळत आलो आहे. तो चाळीस मिनिटं भिंतीला टेकून उभा राहिला. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याला दोरा बांधून मी बाहेर आलो, तेव्हा म्हणाला, "सर, दादा गेला. सकाली." मी त्याच्यावरच चिडलो. "अरे, मग आत का नाही आलास?" तो म्हणाला, "तुमीच हात केलात ना, थांब म्हणून..."

याला आता पाच आठवडे झाले. दामोदर आमच्या भिवंडीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा, मी इंग्रजी शिकवतो. ज्या गावात यंत्रमागांच्या खडखडाटावर आवाज चढवूनच बोलावं लागतं, तिथे तो हळू बोलायचा. त्याचं म्हणणं ऐकायचं तर जवळ जावं लागे, आणि फारसं कुणी जात नसे. घरची शेती खाडीलगतची. चिखलात वाढणाऱ्या तिवरांकडे घरातले सगळे जळण म्हणून बघत, हा एकटा झाड म्हणून बघायचा. कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचं पाणी खाडीत येतं, त्याने तिवरांच्या मुळांचं काय होतं, हे तो वर्षानुवर्षं बघत होता. त्यावर त्याने एकदा चार पानांचं टिपण छापलं. आमच्यापैकी कुणी ते वाचलं नाही. मीही नाही, आणि त्यातलं इंग्रजी तर मीच तपासून दिलं होतं.

ते वाचलं ओल्सेनबाईंनी. उत्तरेकडच्या एका थंड देशातल्या विद्यापीठात त्या समुद्रकाठच्या वनस्पतींच्या प्राध्यापक होत्या. एका हिवाळ्यात त्या थेट भिवंडीला आल्या आणि पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून दामोदरबरोबर खाडीत उतरल्या. त्याचं इंग्रजी तुटकं, त्यांचं मराठी शून्य. दोघे झाडांच्या लॅटिन नावांवर आणि बोटांच्या खुणांवर तीन महिने तासन्‌तास बोलत होते. दामोदरला इतकं बोलताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

परदेशी प्राध्यापक चिखलात उभी आहे म्हटल्यावर संस्थेला जाग आली. त्यांचं विद्यापीठ आणि आमचं कॉलेज यांच्यात करार करायचं ठरलं: एक अध्यापक तिकडून येणार, एक इकडून जाणार. मंडप घातला गेला. अध्यक्षांनी पूर्व आणि पश्चिम यांच्या मीलनावर पाऊण तास भाषण केलं; त्या पाऊण तासात खाडीचा उल्लेख एकदाच आला, तोही वासाबद्दल दिलगिरी म्हणून. दामोदर मागच्या रांगेत बसला होता. कराराचा मसुदा मीच लिहिला. पहिल्या कच्च्या कागदावर मी त्याचं नाव घातलं होतं. प्राचार्य म्हणाले, "बापट, करारात नाव कसलं घालता? एक योग्य अध्यापक असं लिहा." मी लिहिलं. "आणि सगळा पत्रव्यवहार आमच्यामार्फत." तेही लिहिलं. मसुद्याच्या भाषेचं कौतुक झालं.

मग निवड समिती बसली. एकाच उमेदवाराची निवड बरी दिसत नाही, म्हणून प्राचार्यांनी मलाही अर्ज करायला सांगितलं. "नुसता नावाला हो, पाटीलच जाणार आहेत." समितीने दामोदरला भारताच्या सांस्कृतिक वारशाविषयी इंग्रजीत विचारलं, तो बहुधा मुळांविषयी बोलला. मला तेच विचारलं. मी छान बोललो... मला ते येतं. निवड माझी झाली. नको म्हणायला माझ्याकडे दोन दिवस होते. ते दोन्ही दिवस मी सूटकेस बघत दुकानं फिरलो. दामोदर भेटला तेव्हा एवढंच म्हणाला, "बापट, लोकरीचे मोजे जास्तीचे घे. ओल्सेनबाई म्हणायच्या, थंडी पायातून चढते."

तिथे पोचल्यावर बाईंनी मला त्यांच्या प्रयोगशाळेत नेलं. समुद्राकडच्या खिडकीशी एक टेबल होतं. त्यावर सूक्ष्मदर्शक, दिवा, कोऱ्या वह्या आणि पुठ्ठ्यावर सुबक अक्षरात 'डी. पाटील'. बाई माझ्या मागे दरवाज्याकडे बघत होत्या, जणू तो सामान उतरवून येतोच आहे. "पाटील?" त्यांनी विचारलं. घरच्या अडचणीमुळे त्याला येता आलं नाही, असं मी सांगितलं. वाक्य इतकं सफाईने आलं की मलाच ते खरं वाटलं. सहा महिने मी त्या टेबलाशी बसलो. समुद्रकाठच्या वनस्पतींच्या विभागात इंग्रजीच्या अध्यापकाने काय करायचं हे त्या विद्यापीठालाही कळेना, तेव्हा मी गावोगावच्या मंडळांतून भारतीय संस्कृतीवर व्याख्यानं दिली आणि उकडलेले बटाटे खाल्ले. 'डी. पाटील' लिहिलेला पुठ्ठा मी हलवला नाही, त्यांनीही नाही. निघताना बाई म्हणाल्या, "त्याला सांगा, टेबल तसंच ठेवते आहे. अडचण संपली की ये म्हणावं."

परत आल्यावर दामोदर मला भेटायला घरी आला. वजन वाढलं म्हणून माझी थट्टा केली. मग चहाचा कप फिरवत म्हणाला, "बाईंनी काही विचारलं?"

निरोप सांगायचा तर मी तिकडे काय सांगितलं होतं, तेही सांगावं लागलं असतं. "खास काही नाही," मी म्हणालो. "कामात असतात त्या."

"असणारच." कप खाली ठेवत त्याने विचारलं, "तिथला चिखल कसला रे? काळा का करडा?"

सहा महिने त्या खिडकीशी बसून मी चिखल पाहिला नव्हता. "करडा," मी ठोकून दिलं. त्याने खिशातली वही काढली आणि लिहून घेतलं. पुढे कंसात माझं नाव लिहिलं, माहिती कुणी दिली म्हणून.

दामोदरने बाईंना पुन्हा पत्र पाठवलं नाही. "कामाच्या माणसाला कशाला त्रास," म्हणायचा. दीड वर्षाने कराराची प्रत शोधताना कार्यालयाच्या फायलीत मला बाईंची तीन पत्रं सापडली. तिन्ही दामोदरच्या नावाची, प्राचार्यांमार्फत आलेली, फोडलेली, आवक क्रमांक घातलेली आणि रीतसर लावून ठेवलेली. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. ती त्याला द्यायची असतात, हे कुणाला सुचलं नव्हतं इतकंच. मला सुचलं होतं. मी फाईल बांधून कपाटात ठेवली. तो त्यानंतरही पाच वर्षं एकटा खाडीवर जात राहिला, आणि शिक्षकांच्या खोलीत माझ्या शेजारी बसून माझे विनोद ऐकत राहिला. माझ्या विनोदांना मनापासून हसणारा तो एकटाच होता. आता मी विनोद करतो तेव्हा खोलीत कुणीच हसत नाही, हेही माझ्या उशिरा लक्षात आलं.

गेल्या आठवड्यात मी ती तीन पत्रं फायलीतून काढून राहनाळला दामोदरच्या घरी गेलो. वहिनींना सगळं सांगितलं, मसुद्यापासून. त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही. सगळं सांगून झाल्यावर पत्रं हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "येवढी पत्रा आली व्हती?"

"हो."

"आन ते मना म्हनायचं, ती बाय इसरली आपल्याला." त्यांनी सूप पुन्हा पुढे ओढलं. "मंग तवाच का न्हाय सांगला, भावजी?"

मी उठलो. दाराशी पोचलो तेव्हा त्या म्हणाल्या, "तिला तरी कलवा आता. ती वाट बघत आसल."

वीस वर्षं इंग्रजी शिकवतो आहे. तो करार मी एका बैठकीत लिहिला होता. बाईंना हे पत्र लिहायला मला सहा दिवस लागले. पहिलं वाक्य एवढंच आहे: दामोदरला यायचं होतं. पुढे तो गेल्याचं आहे, आणि माझं सगळं. पाकिटामागे माझ्या घरचा पत्ता घातला आहे, प्राचार्यांचा नाही. बाईंचं उत्तर येईलही. त्यात त्यांनी खाडीबद्दल काही विचारलं, तर ते कुणाला विचारावं, हे मला माहीत नाही.

पाकीट चिकटवायला मी वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेलो. पेपर संपल्यापासून ती बंदच आहे. कपाटात वाळवलेल्या फांद्या कागदांवर चिकटवून ठेवलेल्या, आणि खाली बुचाच्या बाटलीत डिंक. बाजारचा डिंक बुरशी धरतो म्हणून दामोदर तो स्वतःच कालवायचा. बूच काढलं. डिंक अजून ओला होता.