रिकाम्या जमिनीवरची तेवीस घरं

सर हसत हसत बोलले होते. तेच अजून डोळ्यांपुढून जात नाही.

लंडनजवळच्या मेडनहेडमधलं ऑफिस. काचेची मीटिंग रूम. टेबलाच्या पलीकडे क्लायंटची माणसं, एक इंग्रज बाई आणि एक पुरुष. अलीकडे आमचे सर, मी आणि माझ्याच टीममधला नागपूरचा सौरभ. स्क्रीनवर जावा बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरचं एक लहानसं गाव. नकाशा मी केलेला. पण क्लायंटला प्रकल्पासाठी हव्या असलेल्या समुद्राकडच्या पट्ट्यावर करडा रंग सरांनी भरला होता आणि त्यावर लिहिलं होतं, रिकामी जमीन.

मी म्हटलं, "सॉरी, हा पट्टा रिकामा नाही. इथे तेवीस घरं आहेत."

सर माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर क्लायंटसाठीचं हसू तसंच. आणि मराठीत म्हणाले, "तुमच्या सात पिढ्यांनी स्वतःची जमीन पाहिली नाही. कुठली रिकामी आणि कुठली कुणाची, हे तू मला शिकवणार?"

आवाज मऊ. शाबासकी द्यावी तसा. त्या बाईला तसंच वाटलं. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "लव्हली." सौरभने लॅपटॉपमध्ये मान घातली. त्याला शब्द न् शब्द कळला होता.

आणि मी काय म्हणाले? "सॉरी सर."

सर खोटं बोलले नव्हते. आमची जमीन कधीच नव्हती. सिंधुदुर्गात समुद्राला लागून आमचं गाव. गावाच्या कडेला आमची वस्ती. घर बापाने स्वतःच्या हाताने बांधलेलं, पण खालची जमीन दुसऱ्याची. माड लावायचा नाही, फणस लावायचा नाही. लावायची ती मिरची, अळू, वर्षात मरून जाईल असं काहीतरी. मी शाळेतून आंब्याचं रोप आणलं होतं. आईने ते माझ्यादेखत उपटलं. म्हणाली, "झाड मोठं झालं की मालकाला भीती वाटते. मग घर जातं."

तिथून मी पुण्याला गेले, नकाशे करायला शिकले, वर्क व्हिसावर इथे आले. सरांनीच नोकरीवर घेतलं. पहिल्या वर्षी त्यांनी स्टॅनमोरच्या घरी जेवायला बोलावलं होतं. त्यांच्या आईंनी प्रेमाने वाढलं आणि विचारलं, "कोकणातली ना तू? मग आंब्याची वाडी असेल तुमची."

मी म्हटलं, "हो काकू, थोडी आहे."

कुणी जबरदस्ती केली नव्हती. पोळीचा तुकडा मोडता मोडता सहज बोलून गेले. पुढे एप्रिलमध्ये मी जयंतीच्या कार्यक्रमासाठी सुट्टी मागितली. निळ्या झेंड्याखालचा आमचा फोटो कुणीतरी सरांना दाखवला. तेव्हापासून जेवायचं बोलावणं बंद. कामात मात्र मी लागत होते. जावाला उन्हात पायी फिरून सर्व्हे करायला कोण जाणार? मी.

त्या गावात मी पाच आठवडे होते. सोबत रिनी. ती जवळच्या शहरातली शिक्षिका, माझं बोलणं गावकऱ्यांना आणि त्यांचं मला सांगायची. आम्ही राहिलो बू सार्मींकडे. बू म्हणजे आपल्याकडे मावशी म्हणतो तसं. वय साठीच्या आसपास. नवरा पहाटे माडावर चढायचा, रस उतरवायचा. या दिवसभर चुलीपुढे. रस आटवून गूळ करायचा, नारळाच्या करवंटीत ओतायचा. माड दुसऱ्याचे. पाच दिवसांचा रस मालकाचा, पाच दिवसांचा यांचा. धूर असा की माझे डोळे संध्याकाळपर्यंत लाल. त्यांचे कायमचेच लाल.

मी फॉर्म काढला. विचारलं, "घर कुणाचं?"

"माझं."

"जमीन?"

"हाजींची."

गावच्या कचेरीतली जमिनीची वही मी पाहिली होती. हाजींचं, म्हणजे माडांच्या मालकाचं, नाव होतं, भातशेतीवाल्यांची होती. समुद्राकडच्या तेवीस घरांतलं एकही नाव नव्हतं. परक्याच्या अंगणात राहणारी माणसं ती. गावाच्या कामाला आधी त्यांना हाक मारायची, गावाच्या सभेत त्यांनी मागे बसायचं. मोठ्या माणसाशी बोलताना यांची भाषासुद्धा बदलायची. शब्द वेगळे, मान खाली. रिनीला विचारलं तर म्हणाली, "रीतच आहे तशी." मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"किती वर्षं राहता इथे?" मी विचारलं.

बू सार्मी उठल्या. मला दाराशी घेऊन गेल्या. उजव्या हाताला जमिनीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "इथे दोन मुलग्यांची नाळ पुरलीय." मग डाव्या हाताला. "इथे मुलीची. आणि तिथे, तिच्या शेजारी, माझ्या नणंदेची, माझ्या लग्नाच्याही आधीची." फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता. तरी मी दोन्हीकडे उभी राहून फोनवर जागेची खूण केली.

मग त्यांनी मला विचारलं. रिनीने इंग्रजीत सांगितलं, "त्या विचारतायत, तुझं घर कुणाच्या जमिनीवर आहे?"

इथे तरी खरं बोलायला काय हरकत होती? बू सार्मींना सांगितलं असतं तर त्यांनी मला जवळ घेतलं असतं. पण मी म्हटलं, "आमच्याच."

बू सार्मी म्हणाल्या, "नशीबवान आहेस." आणि चुलीकडे वळल्या.

सरांनी अपमान केला त्या संध्याकाळी मी ऑफिसमधून स्टेशनपर्यंत चालत आले आणि बाकावर बसले. एक ट्रेन गेली, दुसरी गेली. संताप सरांचा येत होता, पण त्याच्या तळाशी दुसरं काहीतरी होतं. जे सरांनी हसत वापरलं ते हत्यार मीच इतकी वर्षं लपवून, धार लावून ठेवलं होतं. मला लाज वाटत होती कशाची? ज्यांनी माझ्या बापाला जमीन मिळू दिली नाही, त्यांना लाज वाटत नव्हती. त्यांच्यातलेच सर वाडीतले आंबे इथे पेटीने मागवत होते.

दोन आठवड्यांनी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, पट्ट्यावर कुणाचंही वास्तव्य नाही, आणि खाली प्रत्यक्ष पाहणी करणाऱ्याच्या सहीची जागा.

"एकच ओळ आहे," ते म्हणाले. "उद्या क्लायंट येतायत. आणि तुझा व्हिसा रिन्यूअलला आलाय ना? मी बघतोच आहे ते."

मी कागद घेतला. सही केली नाही.

दुसऱ्या दिवशी तीच खोली, तीच माणसं. बाईंनी कागद मागितला. मी तो बिनसहीचाच पुढे ठेवला आणि इंग्रजीत बोलले.  म्हटलं, "मी सही करणार नाही. त्यातल्या एका घरात मी पाच आठवडे झोपले आहे. तेवीस कुटुंबांची नावं माझ्याकडे आहेत. आणि मागच्या वेळी सर मला मराठीत काय म्हणाले ते तुम्हाला कळलं नाही. मी भाषांतर करून सांगते."

आणि सांगितलं. सात पिढ्यांसकट.

सरांचं हसू गेलं. बाईंनी सौरभकडे पाहिलं. "ते असं म्हणाले होते का?"

सौरभ म्हणाला, "माझं लक्ष नव्हतं."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "हे आपण नंतर स्वतंत्रपणे बोलू या," म्हणाल्या. इथे असंच म्हणतात. त्याचा अर्थ, कुणीच बोलणार नाही.

दुपारी माझं ऑफिसचं कार्ड बंद झालं.

रिपोर्टवर पुढे कुणी सही केली, मला माहीत नाही. तेवीस घरांचा नकाशा मी रिनीला पाठवला, प्रत्येक घरावर नाव घालून. तिने तो बू सार्मींच्या अंगणात सगळ्यांना वाचून दाखवला. सोबत मी निरोपही दिला होता. "त्यांना सांग, मी खोटं बोलले. आमचंही घर परक्याच्याच जमिनीवर आहे." रिनीचं उत्तर आलं, "त्या म्हणाल्या, मला वाटलंच होतं. तू फॉर्म लिहिताना घराकडे फार वेळ बघत होतीस."

तेवीस घरं आज उभी आहेत. पुढच्या पावसापर्यंत असतील की नाही, कुणी सांगू शकत नाही.

नोकरी गेली की व्हिसाही जातो; त्याचे मोजके दिवस उरलेत. मी एका मोफत कायदा सल्ला केंद्रात गेले. तिथली वकील पंजाबी मुलगी. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "नोकरीच्या तक्रारींसाठीच्या ट्रायब्युनलच्या फॉर्मवर जातीसाठी वेगळा रकाना नाही. वंशाखाली घालावं लागेल. साक्षीदार कोण?"

"होता. त्याने नाही म्हटलं."

"मग अवघड आहे. सुनावणीच्या आधीच तुला देश सोडावा लागेल कदाचित. तरी करायची आहे केस?"

"तरी."

आईला फोन केला. ती घाबरली. म्हणाली, "मोठ्या माणसांशी वैर कशाला? गप्प बसून परत ये."

"येईन तर गप्प बसणार नाही, आई. तहसीलमध्ये जाणार आहे. घराखालची जागा तुझ्या नावावर मागणार आहे. मालकाला आधी सांगून ठेव."

 तिने फोन ठेवला नाही.

फॉर्म मी स्वतः भरला. सरांचं वाक्य आधी मराठीत लिहिलं, मग इंग्रजीत. खाली माझं पूर्ण नाव लिहिलं. आडनावासकट.