दोन हातांची तलवार

आमच्या काकाजींनी मला जेवढा राग आणला, तेवढा कोणत्याही सेठाला, पुढाऱ्याला किंवा पुजाऱ्याला आजवर आणता आलेला नाही. आणि या तिघांनी आपापल्या परीनं काही कमी प्रयत्न केलेले नाहीत. काकाजी माझे रक्ताचे कोणी लागत नाहीत. त्यांच्या आणि आमच्या घरात एक भिंत आहे, तीही खाली विटांची आणि वर तट्ट्यांची. त्यामुळे त्यांचं खोकणं, काकीचं बोलणं आणि माझं मोठ्यानं वाचणं ही दोन्ही घरांची सामाईक मालमत्ता आहे. ज्या वर्षी नागपुरात आमच्या लोकांनी धर्म बदलला, त्या वर्षी माझे वडील आणि काकाजी पांढरे कपडे घालून एकाच रांगेत उभे होते. मी तेव्हा आईच्या मांडीवर होतो, म्हणून हे सगळं ऐकीव. घरी परतल्यावर देव्हारा नदीत सोडून यायचं काम काकाजींकडे आलं, कारण इतरांना छातीपर्यंत येणारं पाणी त्यांना कमरेपर्यंतच येई. त्यांनी म्हणे देव्हारा उचलला, दोन्ही हातांवर तोलला आणि वडिलांना म्हणाले, "इतके वर्षं उगाच जड वाटत होता गा."

हे तोलणं म्हणजे काकाजींचा धर्म होता, आधीचाही आणि नंतरचाही. नागपूरजवळच्या वाडीतल्या एका ट्रान्स्पोर्ट कंपनीच्या गोदामात ते माल चढवायचे-उतरवायचे. दिवसभर पेट्या उचलून त्यांना अशी सवय जडली होती की कोणतीही वस्तू हातात आली की ती आधी तळहातावर वरखाली व्हायची. बाजारात कोहळं तोलायचे, बारशाला गेले की बाळ तोलायचे आणि बाळाच्या आईसमोर "जरा कमीच भरून राहिलं" असं सांगून काकीकडून बोलणी खायचे. मी मुळाक्षरं पाटीवर शिकलो नाही, पत्रकांवर शिकलो. माझा 'ज' जाहीर सभेतला आणि 'ध' धिक्काराचा. असा मी वयात येऊन पहिला लेख लिहिला, एका लहानशा मासिकानं तो छापला, आणि जळजळीत शब्दांनी भरलेला तो अंक मी काकाजींच्या हातात ठेवला. त्यांनी तो उघडलासुद्धा नाही. तळहातावर दोनदा उडवला आणि परत दिला. "छटाकभर बी नाही भरत गा," म्हणाले. मी आठवडाभर त्यांच्याशी बोललो नाही. त्यांना ते कळलं नाही, कारण माझं वाचन भिंतीपलीकडे पोचतच होतं.

पण खरा राग तलवारीचा. कंपनीचं दरवर्षी गॅदरिंग व्हायचं आणि त्यात एक ऐतिहासिक नाटक असायचं. नाटक बसवायला धरमपेठेतले एक प्राध्यापक यायचे, त्यांना सगळे 'सर' म्हणत. राजा, सेनापती, प्रधान ही कामं ऑफिसातल्या बाबूंकडे; गोदामातल्यांकडे गर्दी. कुणाला कोणतं काम, हे आडनाव विचारून झालं की आपोआप ठरायचं. काकाजी उंच म्हणून त्यांना भाला देऊन दारात उभं करत. एका वर्षी त्यांना एक वाक्यही मिळालं होतं, 'महाराज, आपणास भेटावयास दूत आला आहे.' काकाजी ऐन वेळी म्हणाले, "महाराज, तुमाले भेटाले कोणीतरी आलं." सभागृह हसलं. तेव्हापासून दूत न सांगताच आत येऊ लागला. वर्षानुवर्षं हा माणूस भाला धरून उभा राहिला आणि दरवर्षी मी त्यांना म्हणायचो की हा अपमान आहे, भाला फेकून द्या. ते म्हणायचे, "बांबूचाच आहे गा, वजन नाही त्याले."

मग एकदा परदेशातून आलेल्या यंत्राच्या पेटीत, भुशाबरोबर कोंबलेल्या रद्दीतून, त्यांना एक चित्र सापडलं. लोखंडी कपड्यातला एक उंच माणूस उभा, समोर जमिनीवर टेकवलेली सरळ, लांबलचक तलवार, आणि तिच्या लांब मुठीवर एकावर एक ठेवलेले दोन्ही हात. काकाजींनी ते चित्र ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलं. त्यानंतर काकीला साडी काढायची असली तरी ट्रंक उघडायला हे उठायचे. त्याच वर्षी सरांनी गॅदरिंगसाठी कुठल्याशा युरोपी राजाचं नाटक घेतलं. त्यात राजाचा एक रक्षक होता, चांगले पाच-सहा संवाद असलेला. काकाजी चित्र घेऊन सरांकडे गेले. सरांनी ते बघितलं, हसले आणि म्हणाले, "सुंदर. महिन्याभरात अशी तलवार आणा, रक्षकाचं काम तुमचं." नागपुरात अशी तलवार मिळणार नाही, याची त्यांना पूर्ण खात्री होती. नाही म्हणायची ही सुशिक्षित पद्धत आहे. मला ती त्याच क्षणी कळली. काकाजींना कळली की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. ते घरी आले ते चाळणीतून पीठ पडावं तसे हसतच होते.

मी खवळलो. आपल्याला शाळा हव्यात, ग्रंथालयं हवीत, आणि हा माणूस सरंजामदारांचं हत्यार शोधतो, तेही परक्यांच्या सरंजामदारांचं! भिंतीवरून मी अर्धा तास बोललो. काकाजींनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आपल्या इकडच्या तलवारीले जात विचारता येते गा. तिकडची तलवार मले ओळखतच नाही, तं अडवन कशी?" हे ऐकून माझा राग वाढला, कारण याला उत्तर द्यायला माझ्याजवळ एकही पत्रक नव्हतं.

तलवार शोधायला मी त्यांच्याबरोबर गेलो तो फक्त विरोध नोंदवायला. सीताबर्डीवर लग्नाचं सामान विकणाऱ्या दुकानात मखमली म्यानातल्या तलवारी टांगल्या होत्या. दुकानदारानं काकाजींचे पिकलेले कल्ले पाहून विचारलं, नवरदेव कोण? "समजा मीच," म्हणत काकाजींनी एक तलवार तोलली आणि ती परत देताना म्हणाले, "भाऊ, हे तलवार नाही, पोळी उलटायचा सराटा आहे." मूठ तर इतकी आखूड की काकाजींच्या एकाच पंजात ती दिसेनाशी झाली. मी दुकानदाराला लग्नात तलवार बाळगण्यातली सरंजामी वृत्ती समजावून सांगत होतो, तेवढ्यात त्यानं आम्हा दोघांना सारखीच वाट दाखवली. इतवारीत नाटकाचे कपडे भाड्यानं देणाऱ्या ड्रेपरीवाल्याकडे नाटकाच्या तलवारी होत्या, बेगड लावलेल्या, लाकडी, सगळ्या वाकड्या. सरळ तलवार, आणि तीही दोन्ही हातांनी धरायची, हे ऐकून तो म्हणाला, "दोन्ही हातानं धरायले ते काय मुसळ आहे?" एका जुन्या वस्तूंच्या दुकानात मात्र भिंतीवर अगदी तशीच तलवार होती. काकाजींनी ती उतरवून मागितलीही नाही. खालून बघितली, दोन्ही हात पाठीमागे बांधून. परवडत नसलेल्या वस्तूला ते कधी हात लावत नसत.

परत येताना बसस्टॉपवर ते अचानक म्हणाले, "एका हातानं तलवार कोन चालवते गा? ज्याच्या दुसऱ्या हातात घोड्याचा लगाम राहते, नाहीतं ढाल राहते. ज्याच्याजवळ घोडा नाही, ढाल नाही, त्याचे दोन्ही हात मोकळेच. मंग हे तलवार कोनाची झाली?" मी म्हटलं, हा इतिहास कुठे लिहिलाय? ते म्हणाले, "तू लिही न. बसून तं राहिला."

शेवटी परवडणारी तलवार वाडीतच निघाली. नाक्यावर ट्रकच्या कमानी, म्हणजे स्प्रिंगचे पाटे, ठोकणारा एक लोहार होता. तुटलेल्या कमानीचा पोलादी पाटा म्हणजे जवळजवळ भंगारच, आणि त्याला सरळ करून धार न लावता दिलं की झालं. काकाजींनी त्याला ऐटीत सांगितलं, "दो हाथ की तलवार बनाव." लोहारानं मान डोलावली. आठ दिवसांनी आम्ही गेलो तर त्यानं एक सरळ, चकचकीत, देखणी तलवार पुढे केली. मूठ मात्र मुठीएवढीच. काकाजी म्हणाले, हे काय? लोहारानं तलवार फळीवर ठेवली, कोपरापासून बोटांपर्यंत आपला हात तिच्यावर एकदा लावला, दुसऱ्यांदा लावला, आणि टोक बरोबर बोटाच्या टोकाला आलं. "दो हाथ की बोले थे, दो हाथ की बनाई. नाप लो." काकाजींनी त्यावर आपला हात लावून पाहिला. त्यांच्या हातानं ती पावणेदोनच भरली. मग तो लांब हात कपाळावर मारून हा माणूस नाक्यावर उभा राहून हसत सुटला, लोहारही हसायला लागला, आणि सरांनी दिलेली मुदत दुसऱ्या दिवशी संपते हे आठवून रागावायला तिथे मी एकटाच उरलो.

घरी आल्यावर काकाजींनी पलंगाखालून त्यांच्या बापाची कुदळ काढली. त्या बापानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या विहिरी खणल्या, ज्यांतल्या पाण्याला त्यानं शिवलेलं कुणाला चाललं नसतं. काकाजींनी दांड्यावरून लोखंड उतरवलं, दांडा हवा तेवढा कापला, भोक पाडलं, तलवारीची मूठ काढून आतलं निमुळतं शेपूट त्यात ठोकलं आणि वरून खिळे मारले. मग दोन्ही हातांनी ती उचलून अंगणात उभे राहिले. काकी दारातून म्हणाली, "घरात माणसाले पाय पसराले जागा नाही, अन् हे आता कुठी झोपन?" तो लाकडी दांडा बापाच्या घामानं इतका गुळगुळीत झालेला होता की काकाजींचे हात आपोआप जागेवर बसले.

दुसऱ्या दिवशी धरमपेठेतल्या तालमीत सर तलवार पाहून खरोखर हरखले. "वा, काय चीज आहे!" म्हणाले, आणि ती काकाजींच्या हातून घेऊन त्यांनी बडेबाबूंच्या हातात दिली. बडेबाबू म्हणजे ऑफिसचे मुख्य कारकून, गोदामातल्यांच्या पाळ्या लावणारे. सर समजुतीनं सांगू लागले, की रक्षकाला संवाद आहेत, तुमचं ते 'मले-तुले' युरोपातल्या दरबारात कसं शोभेल? काकाजींनी तितक्याच समजुतीनं विचारलं, "सर, त्या मुलखात मराठी बोलत होते काय?" कोपऱ्यातून कुणीतरी बांबूचा भाला आणून त्यांच्यापुढे धरला.

काकाजींबरोबर आलेला मी दारातच उभा होतो. काकाजींनी भाला घेतला, तोलला आणि भिंतीला टेकवून ठेवला. बडेबाबूंकडून तलवारीचा भार पेलत नव्हता, तिचं टोक फरशीवर घासत होतं. काकाजींनी ती त्यांच्या हातातून अलगद काढून घेतली. बडेबाबू म्हणाले, एका दिवसासाठी तर द्या. "भाला कंपनीचा आहे, ठेवला," काकाजी म्हणाले. "तलवार माही आहे." आणि खांद्यावर तलवार टाकून ते धरमपेठेतून सीताबर्डीपर्यंत भर रस्त्यानं चालत आले. सायकलवाले वाट देत होते. मी मागून चालत होतो आणि माझ्या सगळ्या घोषणा मला त्या चालीपुढे हलक्या वाटत होत्या, हे लिहितानाही मला चीड येते.

नाटक झालं. रक्षक पुठ्ठ्याच्या तलवारीनं लढला. बडेबाबूंनी दुसऱ्याच दिवसापासून काकाजींची पाळी यंत्रांच्या पेट्यांवर लावली, जिथे तरणी पोरंही टिकत नसत, आणि ती कायम तिथेच ठेवली. मी 'तलवार कुणाची?' या नावाचं पत्रक काढलं. काकाजींनी ते तळहातावर उडवून पाहिलं. "भरून राहिलं गा थोडं थोडं," म्हणाले. पुढे एका उन्हाळ्यात पेटी घसरली आणि त्यांचा डावा हात मनगटापासून निकामी झाला. कंपनी म्हणाली, चूक तुमचीच. मी आणखी पत्रकं काढली, मोर्चा नेला, साहेबांच्या दारात बसलो. त्यांनी दारात पाण्याचा ग्लास पाठवला आणि दार लावून घेतलं. तो राग माझ्यात अजून तसाच आहे. तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

तलवार आता आमच्या बाजूच्या भिंतीवर असते, कारण विटांचा भाग तिकडे अधिक पक्का. काकाजी संध्याकाळी येतात, पात्यावरून बोट फिरवतात आणि उजव्या हातानं ती उतरवायला बघतात. टोक लगेच जमिनीकडे झुकतं. मी करवादत उठतो, त्यांना म्हणतो की पायावर पडेल, म्हातारपणी हे कशाला. आणि असं म्हणत म्हणत त्यांच्या हाताखाली दांड्यावर जी जागा मोकळी असते, तिथे माझा हात जातो. तिथलं लाकूड अजून गुळगुळीत आहे. मग टोक हळूहळू जमिनीवरून उठतं, जरा थरथरतं आणि सरळ होतं.

"झाले न गा दोन हात," काकाजी म्हणतात.