बोलावलं नाही म्हणजे चांगलं

"मॅडम, मना कोनी बोलावला नाय. म्हंजे मी चांगली हाय ना?"

लॅबच्या दारात वनिता उभी होती. कोपरखैरण्याच्या खाडीकाठच्या गावातली, सातवा महिना लागलेली. आत आमचं काम बघायला परदेशातून आलेल्या पाहुण्या बाई आमचा टेस्ट ट्यूबचा रॅक तपासत होत्या आणि आमचे साहेब त्यांच्यामागे हात बांधून उभे. हिला यायला हीच वेळ सापडली होती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वाशीच्या एका हॉस्पिटलात मी मायक्रोबायॉलॉजिस्ट होते, म्हणजे रक्तालघवीत जंतू शोधणारी डॉक्टर. तेव्हा आमच्याकडे एचआयव्हीचं सर्व्हेलन्स चालू होतं. सर्व्हेलन्स म्हणजे एकेका माणसाचं निदान नव्हे, तर एखाद्या भागात आजार किती पसरलाय याचा अंदाज. देशोदेशी पद्धत एकच, म्हणजे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघता येतात. गरोदर बायकांचं रक्त आम्ही सिफिलिस या गुप्तरोगाच्या तपासणीसाठी घ्यायचोच. त्यातलं उरलेलं दुसऱ्या ट्यूबमध्ये ओतायचं, नाव काढून टाकायचं आणि मग एचआयव्हीची टेस्ट लावायची. कोणती ट्यूब कुणाची, हे मलासुद्धा कळत नसे. कुणाची बदनामी होऊ नये म्हणून नियमच तसा.

सिस्टरने बायकांना एवढंच सांगितलं होतं, की उरलेल्या रक्तावर एड्सची तपासणी होणार. पुढचं बायकांनी आपलं आपण ठरवलं. आपल्याकडे रिपोर्ट खराब असला की बोलावणं येतं. नाही आलं तर सगळं ठीक. अख्खी ओपीडी अशीच निश्चिंत होऊन घरी गेली.

आणि त्या बॅचमधली एक ट्यूब पॉझिटिव्ह होती.

"तुला का वाटलं बोलावतील म्हणून?" मी विचारलं.

तिने मागे बघितलं. सासू लांब बाकावर होती. "नवरा तलोज्याला टँकरवर हाय. मागं तुमच्याच स्किनच्या डॉक्टरकडं इंजेक्शना घेतली त्यानी. काय झाला ते सांगत नाय."

झालं. गुप्तरोगाचे पेशंट आमच्याकडे स्किनचे डॉक्टरच बघायचे. माझ्या डोक्यात ती ट्यूब आणि ही बाई एकमेकींना चिकटल्या, त्या निघेनात.

"त्या रक्ताचा रिपोर्ट देता येत नाही, वनिता. त्याच्यावर नावच नाही."

"मंग ता रगत कोनाचा?"

"कुणाचंच नाही."

"माझ्याच हातातून काढला ना तुमी?"

तिला थांबायला सांगून मी आत गेले. पाहुण्या बाई खूश होत्या. "इथे कुणालाच कुणाचं नाव सापडत नाही. एक्सलंट," त्या म्हणाल्या. साहेब खुलले.

मी म्हटलं, "पण यातली एक पॉझिटिव्ह बाई घरी बसलीय आणि समजतेय की आपण ठणठणीत आहोत."

"डॉक्टर, सर्व्हेलन्स वेगळं, डायग्नोसिस वेगळं. मिक्स करू नका," साहेब म्हणाले.

पाहुण्या बाई म्हणाल्या, जी मागेल तिची संमती घेऊन वेगळी टेस्ट करा, त्याला कुणाची ना नाही.

"आणि जिला मागायचं सुचणारच नाही, तिचं काय?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग चहा आला. बरोबर कोण, चूक कोण, मला काहीच कळेना.

वनिताचं रक्त नावानिशी घेतलं. "सासूला काय सांगशील?" मी विचारलं. "सांगते अंगात रगत कमी हाय," ती म्हणाली.

टेस्ट मीच लावली. पॉझिटिव्ह असेल तर रंग येतो. कशा शब्दांत सांगायचं याची वाक्यं मी मनात जुळवून ठेवली होती. रंग आला नाही. परत लावली. नाहीच आला.

"तुला नाहीये," मी तिला सांगितलं. "पण नवऱ्याला घेऊन ये. आणि काही महिन्यांनी तुझीही परत करू."

ती स्टुलावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मला इतकं बरं वाटलं, आणि लगेच ती पॉझिटिव्ह ट्यूब आठवली. म्हणजे ती ट्यूब दुसऱ्याच कुणाची होती.

डोळे पुसत वनिता म्हणाली, "माझी जाव पन त्याच दिवशी आल्ती. तिला पन नाय बोलावला. ती पन चांगलीच ना?"

"तिलाही घेऊन ये."

"तिला कशाला? तिचा नवरा साधा हाय."

वनिता नवऱ्याला घेऊन आली. जाऊ काही आली नाही. ट्यूब तिचीच होती असंही नाही, त्या दिवशी बाकावर बसलेल्या कुणाचीही असेल. आमचा आकडा वरच्या ऑफिसात गेला, तो अगदी बरोबर होता. पाहुण्या बाईंनी कौतुकाचे चार शब्दही लिहिले.

त्यानंतर मी सिस्टरला रक्त काढण्याआधी सगळ्यांना सांगायला लावलं: "या तपासणीचा रिपोर्ट कुणालाच मिळणार नाही. बोलावलं नाही म्हणजे चांगलं, असं धरून बसू नका. स्वतःचं कळायला हवं असेल तर आतल्या खोलीत या." साहेब कुरकुरले, पण थांबवलं नाही. काहीजणी आत येऊ लागल्या. त्यांच्यात त्या ट्यूबवाली होती का, हे मला आजही माहीत नाही. हॉस्पिटल गप्प बसलं की लोक त्यालाच रिपोर्ट समजतात. तेव्हा गप्प बसायचंच असेल, तर तसं आधी मोठ्याने सांगावं.