आहात का?

स्वतः हात लावून पाहिल्याशिवाय बायकोच्या मामांनी उभ्या आयुष्यात कशावरही विश्वास ठेवला नाही. दुकानाला कुलूप घातलं की ते असं हिसडत, की चोरालासुद्धा एवढा जोर लावावा लागला नसता. टपालपेटीत पत्र टाकलं की पेटीला कान लावून ते तळाशी पडल्याचा आवाज ऐकत. माझ्या लग्नात अक्षता पडून वाजंत्री थांबली, तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "जावईबापू, लागलं ना नक्की?" मी अंतरपाटाच्या एवढ्या जवळ असूनही मला खात्रीने सांगता येईना.

एकोणीसशे सत्तरच्या सुमारास मामांच्या जामखेडच्या भुसार दुकानात फोन आला. दांडी फिरवायची, मग एक्स्चेंजमधला ऑपरेटर बोलणार आणि तो जोडून देईल तेव्हा पुढचं, असा तो जमाना. लोक फोनवरून बोलत. मामा फक्त फोन आहे की गेला ते बघत. गर्रकन दांडी फिरवायची आणि विचारायचं, "आहात का?"

"हाय, मालक. नंबर बोला."

"नंबर नको. लाईन जिवंत आहे का बघितलं."

"जित्ती हाय. ठेवा खाली!"

हे रोज चाले: दुकान उघडल्यावर, जेवून आल्यावर, वारा सुटल्यावर, शिवाय तारेवर कावळा बसल्यावर. एकदा वैतागून ऑपरेटर म्हणाला, "मालक, मी मेलो तर पयला फोन तुमालाच करतो. तवर ठेवा खाली!" मामांनी फोन ठेवला आणि काळजीने मला विचारलं, "पण हाच गेला तर जोडून कोण देणार?"

अशात मामांची एकुलती लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि अडली म्हणून तिला नगरला दवाखान्यात हलवावं लागलं. मामी सोबत गेल्या. मामांना त्यांनी बजावलं, "तुम्ही येऊ नका. तुम्ही डॉक्टरांचीच नाडी बघत बसाल. मी नगरहून ट्रंक कॉल करते." मी तेव्हा तिथेच मुक्कामाला होतो, म्हणून मामांचा हात दांडीपासून लांब ठेवायचं काम माझ्याकडे आलं. घरात याहून सोपं काम शिल्लक नव्हतं, म्हणूनच ते मला दिलं असावं. मला तेही जमलं नाही. पाणी प्यायला उठलो, तेवढ्यात मामांनी दांडी फिरवली.

"आहात का?"

उत्तर नाही. पुन्हा फिरवली. काही नाही. "मेली हो लाईन!" म्हणून मामा उठले आणि अनवाणी एक्स्चेंजकडे धावत सुटले. गल्ला उघडा, दुकान उघडं. कुलूप न हिसडता गेलेले मामा मी त्या दिवशी प्रथम पाहिले.

ते एक्स्चेंजच्या वळणावर दिसेनासे होतात तोच फोन खणखणला. मामीच होत्या.

"हे कुठायत?"

"लाईन मेली म्हणून एक्स्चेंजला गेलेत."

"मग जावईबापू, तुम्ही माझ्याशी कशावर बोलताय?"

मी हातातल्या रिसीव्हरकडे बघितलं. इतक्यात ऑपरेटर मध्ये बोलला, "वहिनी, मालक हितं माज्यापाशी आल्यात. तुमचाच ट्रंक कॉल जोडत हुतो, म्हनून मगाशी बोललो न्हाई. ह्ये घ्या, मालक, कानाला लावा."

मग नुसती धाप ऐकू आली.

"अहो, मुलगी झाली," मामी म्हणाल्या. "दोघी सुखरूप आहेत."

धापही थांबली. मामी घाबरल्या. "अहो, ऐकलंत का? आहात का?"

दिवसभर हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला तो पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. ओला आवाज आला, "आहे. आहे हो."

पुढे जामखेडला ऑपरेटरशिवाय आपोआप लागणारे फोन आले. मामा रिसीव्हर उचलून ती डायल टोनची घूं ऐकत आणि तोंड वाकडं करून खाली ठेवत. "जिवंत आहे, पण कोणी नाही." मग रोज सकाळी काठी घेऊन ते रिटायर झालेल्या त्या ऑपरेटरच्या दारापर्यंत जात. "आहात का?" आतून आवाज येई, "हाय! ठेवा खाली!" की मामा तिथूनच माघारी.

शेवटी मामांनी अंथरूण धरलं, तेव्हा मी भेटायला गेलो होतो. बोलणं जवळजवळ बंदच झालं होतं. मी आल्याचं कळलं की नाही, कोण जाणे. सकाळी ओट्यावर काठी वाजली.

"मालक, हाय का?"

मामांनी उशीवरून मान उचलली. एवढा आवाज त्यांनी कुठे जपून ठेवला होता कुणास ठाऊक.

"आहे! ठेवा खाली!"

बाहेरची काठी टकटक करत सावकाश माघारी गेली.