तीस पूर्ण होईपर्यंत

दादाचा फोन आला तेव्हा मी निफाडच्या तपासणी शिबिरात बायकांसमोर उभी होते, हातात आमच्या संस्थेची गुलाबी पत्रकं. “कल्पना गेली,” एवढंच तो म्हणाला. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर वेळीच सापडला तर बरा होतो, हे अर्धवट राहिलेलं वाक्य मी पुरं केलं आणि खाली बसले... त्याला सहा आठवडे झाले.

कल्पनावहिनी एकोणिसाव्या वर्षी मखमलाबादच्या आमच्या मळ्यात आली. सकाळी शेवंती खुडायची, दुपारी पडवीत हार ओवायचे आणि मधूनमधून माझी टिंगल करायची. आमची उरलेली पत्रकं ती मागून घ्यायची, घडी घालून त्यावर हाराचा दोरा गुंडाळायची. “वन्सं, तुमचा कागद लय चिवट. तुमच्यासारखाच.” एकदा ओवता ओवता तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, ही तपासणी कधीपासून करायची असते. मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं: तिसाव्या वर्षापासून, काही त्रास नसला तरी. “मग मला अजून दोन वर्षं हायेत,” म्हणत तिनं गाठ मारली. का विचारतेस, हे मी विचारलं नाही. दुसऱ्यांच्या सुनांना मी खोदून खोदून विचारते.

तिला तेव्हापासूनच संबंधानंतर रक्त जायचं, हे मला फार उशिरा कळलं. आईला ती एवढंच सांगू शकली की अंगावरून जातं. आईनं उष्णता समजून गुलकंद दिला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी न तपासताच रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. या दोघांवर ओरडायला मी तयारच होते, पण तो हक्क मला नाही. तीस हे वय त्रास नसलेल्या बाईसाठी असतं. असं रक्त जात असेल तर वय बघायचंच नाही, बावीस असो की अठ्ठावीस, त्याच आठवड्यात दवाखाना गाठायचा. ही ओळ माझ्या कच्च्या मजकुरात होती. असलं छापलं तर बाया कागद घरात नेणार नाहीत, असं संस्थेच्या बैठकीत ठरलं आणि एरवी कुणाचं न ऐकणारी मी ती ओळ खोडून मोकळी झाले. कागद घराघरांत गेला. आमच्याही.

तीस पूर्ण झाली त्याच आठवड्यात वहिनी आमच्या शिबिराला आली, ठेवणीतली साडी नेसून. “झाली बघा तीस. आता तरी घ्या आत.” तिला तपासून बाहेर आलेल्या डॉक्टरीणबाईंनी मलाच विचारलं, घरात तुम्ही असताना हिला एवढा उशीर कसा झाला... पुढं वर्षभर उपचार चालले. तिनं मला एकदाही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

परवा आईला हारासाठी दोरा हवा होता, म्हणून वहिनीनं गुंडाळून ठेवलेली गुंडी उलगडत बसले. शेवटी आतला गुलाबी कागद हातात आला. तिसाच्या आकड्याभोवती पेनानं गोल केलेला. मजकूर संपतो त्याखाली दोन बोटं कोरी जागा आहे. ती ओळ तेवढ्यात बसली असती.