सेनापतींच्या भिंतीवरचा खिळा

सेनापती आयुष्यात कधी सैन्यात नव्हते. बाजारात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, आणि गल्लीतलं कुत्रं नुसतं जांभई देताना दिसलं तरी ते पलीकडच्या रस्त्यानं घरी येत. तरी सगळी गल्ली त्यांना सेनापती म्हणे, कारण त्यांच्या बैठकीच्या खोलीत जुन्या काळच्या लष्करी अधिकाऱ्यांची फौजच मुक्कामाला होती. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले, पिवळट पडलेले फोटो, आणि प्रत्येकाखाली त्या त्या साहेबाची शाईतली सही. सही नसेल तर कितीही मोठ्या मिशांचा जनरल असो, त्याला या घरात थारा नव्हता.

सही खरी की खोटी, हे ते दुकानातलं भिंग डोळ्याला लावून ठरवत. "खरी सही पळते आणि खोटी चालते," असं त्यांचं सूत्र होतं. नक्कल करणारा घाबरत घाबरत रेघ ओढतो, मध्येच थांबतो, हात उचलतो. या सूत्रावर त्यांनी कितीतरी भंगारवाल्यांना आल्या पावली परत पाठवलं होतं.

त्यांच्या बायकोला या फौजेची एकच माहिती होती: तिच्यावर धूळ फार बसते. "रोज सकाळी उठून परक्या पुरुषांची तोंडं पुसायची, हे माझ्या नशिबात लिहिलं होतं," असं ती शेजारणीला सांगे. पण तिचं खरं दुःख धुळीचं नव्हतं. त्या अख्ख्या भिंतीवर तिचा एकही फोटो नव्हता. लग्नातला एक होता, तोही एका ब्रिगेडियरला जागा हवी म्हणून कपाटावर गेला होता.

एके दिवशी ती कुणालाही ताकास तूर लागू न देता स्टुडिओत गेली. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, जबडा घट्ट मिटून तिनं फोटो काढून घेतला, फ्रेमवाल्याकडून जाड पुठ्ठ्यावर चिकटवला आणि खाली सही केली. सुट्टीच्या दुपारी जेवणं आटोपल्यावर तिनं तो नवऱ्यापुढे ठेवला.

"हा भिंतीवर लावा."

"अगं, पण त्या भिंतीला नियम आहे. फोटो जुना हवा, अधिकाऱ्याचा हवा, आणि खाली सही हवी."

"जुनी मी आहेच. या घरात अधिकार कोणाचा चालतो ते गल्लीला विचारा. आणि सही केलीय खाली."

शहाण्या माणसानं इथे हातोडी शोधली असती. सेनापतींनी भिंग शोधलं. त्यांचा काही वाईट हेतू नव्हता, सवयच तशी. ते बराच वेळ वाकून बघत राहिले आणि मग मान हलवून म्हणाले, "खोटी आहे."

"काय खोटी आहे?"

"सही. हे बघ, इथे पेन अडखळलंय. इथे उचलून परत टेकवलंय. कोणाकडून करून घेतलीस?"

"माझी सही आहे ती!"

"थांब, पुरावाच देतो." त्यांनी कपाटातून दोघांच्या खात्याचं चेकबुक काढलं. त्यात तिच्या सहीचा एक चेक तयार होता. तो फोटोशेजारी ठेवून ते विजयी मुद्रेनं म्हणाले, "ही तुझी खरी सही. बघ कशी पळतेय!"

तिनं चेककडे पाहिलं. "नाव माझं आहे," ती म्हणाली, "सही तुमची आहे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. खातं उघडल्यापासून, 'तू कशाला येतेस, तिथे गर्दी असते' असं म्हणत तिची सही तेच ठोकत आले होते. इतकी वर्षं की आपण ती करतो हेही ते विसरून गेले होते.

"मला सही करायची वेळच येऊ दिली नाहीत," ती म्हणाली. "म्हणून माझी चालते. पळणार कुठून?" तिनं फोटो उचलला, स्वतःच्या कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला लावली.

सेनापतींना शरम वाटली, आणि वाटायलाच हवी होती. त्यांनी ब्रिगेडियरला खाली उतरवून खिळा मोकळा केला. तिनं दुसऱ्या दिवशी सगळे साहेब पुसले, आणि त्या खिळ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तीन-चार दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. मग एका सकाळी दुकान बंद ठेवून ते तिला म्हणाले, "चल, बँकेत जाऊ. तिथे तुझी स्वतःची सही देऊन ये."

बँकेतल्या बाईंनी तिची सही घेतली, संगणकात पाहिलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. "जुळत नाही. ही सही तुमची वाटत नाही."

मागच्या रांगेतल्या माना पुढे आल्या. बायकोचा चेहरा लालबुंद झाला. सेनापतींची बोबडी वळायचीच ही वेळ, पण त्या दिवशी कसा कोण जाणे, त्यांना कंठ फुटला.

"हीच खरी आहे! आजवरच्या सगळ्या खोट्या. त्या मी केल्यात."

"अहो, हळू बोला," बँकेच्या बाई घाबरून म्हणाल्या. "असं सांगायचं नसतं."

"का नाही सांगायचं? मला सह्यांतलं कळतं!"

बाईंनी सहीच्या नमुन्याचा नवा कागद पुढे केला. तिनं एक सही केली, दुसरी केली. चालतच केली, पण दुसरीच्या शेवटी जरा लगबग दिसली. सेनापती टेबलावर वाकून पाहत होते आणि भिंग खिशातच होतं.

"यातली एक आम्हाला मिळेल का?" त्यांनी विचारलं.

"बँकेचा कागद आहे तो," बाई म्हणाल्या.

सेनापती बायकोकडे वळले. "घरी एक आहे ना?"

"ती माझी आहे," बायको म्हणाली. "हवी असेल त्यानं मागावी."

आणि भर रांगेसमोर, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच, सेनापतींनी तिला अहोजाहो केलं. "तुमचा एक फोटो मिळेल का? सहीसकट?"

"विचार करून सांगते," ती म्हणाली, आणि तिसरी सही करायला वाकली.