एक डोळा मिटून

मोठं असं काहीही आमच्या तळमजल्यावरच्या काकांना आयुष्यात कधी नीट दिसलं नाही. समोरून हत्ती गेला असता, तरी त्यांनी त्याच्या पाठीवरची माशी तेवढी पाहिली असती आणि तिचे पाय कसे असतील या विचारात ते स्टेशनपर्यंत चालत गेले असते. हे मी उगाच म्हणत नाही. पार्ल्याला आमच्या शेजारी एक तीन मजली इमारत उभी राहिली, तिथे बिऱ्हाडं आली, गच्चीवर पापड वाळू लागले, आणि मग एके सकाळी काका माझ्या वडिलांना म्हणाले, "अरे, हे कधी झालं?" फोर्टातल्या कुठल्याशा कचेरीत ते कारकून होते. तिथे त्यांच्या बेरजा बरोबर कशा येत, हे इमारतीतल्या कुणालाच उमगलं नव्हतं.

अशा माणसाच्या हाती चोरबाजारात एक जुना पितळी सूक्ष्मदर्शक लागला. "मुलांसाठी घेतलाय," असं त्यांनी काकूंना सांगितलं. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं, तेव्हा ही मुलं म्हणजे आम्ही, इमारतीतली सगळी. दर रविवारी सकाळी उत्तरेकडच्या खिडकीत तो चहाच्या स्टुलावर बसवला जाई. काकूंच्या जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्याने भिंगं पुसली जात, आणि मग सुरू होई उजेड पकडण्याचा सोहळा. "आरसा उन्हाकडे करायचा नाही, डोळा जाईल. आभाळाकडे करायचा," काका सांगत. पांढऱ्या ढगांवर त्यांचा फार जीव. खिडकीत ढग आला, की आम्हाला बाजूला सारून ते खालचा आरसा हळूहळू फिरवत आणि नळीत उजेडाचा गोल उतरला, की "आला, आला घरात," असं पुटपुटत. कधीकधी ढगाची वाट पाहण्यातच सकाळ सरे. बिस्किटांच्या कारखान्याचा गोड वास खोलीभर पसरलेला असे, एखादं लहान पोर त्यांच्या मांडीवर झोपून जाई आणि काका आरशातलं आभाळ बघत बसून राहत. आम्हालाही मग काही बघायची घाई राहत नसे.

बघायला लागलं, की मात्र शिस्त कडक. नळी खाली नेताना बाजूने बघायचं, म्हणजे काच फुटत नाही, आणि डोळा लावल्यावर ती फक्त वरच न्यायची. पहिला धडा वर्तमानपत्रातल्या एका अक्षराचा. ते उलटं दिसे, आणि काचपट्टी उजवीकडे सरकवली, की डावीकडे पळे. त्यानंतर मीठ, मग पतंगाचा पंख, मग कांद्याचा पापुद्रा, त्यावर टिंक्चर आयोडिनचा एक थेंब. एकदा इमारतीतली सगळी मंडळी आरे कॉलनीच्या सहलीला गेली. बाकीचे थंडगार दूध पिऊन आले. काका तिथल्या डबक्याचं पाणी घेऊन आले, तेही काकूंच्या लोणच्याच्या बरणीत. काकूंनी ती बरणी राखेने घासघासून धुतली, पण त्या वर्षी त्यांचं लोणचं वरच्या मजल्यावर कुणी घेतलं नाही.

सगळ्या मुलांचं बघून झालं, की काका स्वयंपाकघराच्या दिशेने हाक मारत, "येतेस का गं? आज फार सुरेख आलंय." आतून उत्तर येई, "आमटी उतू जाईल." पुढच्या रविवारी हात पिठाचे असत, त्याच्या पुढच्या रविवारी दारात भाजीवाली आलेली असे. काका थोडा वेळ वाट बघत आणि मग सूक्ष्मदर्शक मुकाट्याने पेटीत ठेवत. त्यांनी तो खरं तर कुणाला दाखवायला आणला होता, हे आम्हा पोरांनाही कळत होतं, आणि तेवढा वेळ आम्हाला त्यांच्याकडे बघवत नसे.

काकू बघायला का येत नाहीत, याचा उलगडा झाला तो भलत्याच भानगडीतून. एक डोळा मिटून दुसऱ्याने बघणं आम्हाला काही जमेना. शेजारच्या बंड्याने तर स्वतःच्या पापण्यांचे केस पाहून गोम दिसल्याचं सांगितलं आणि तिचं वर्णनही केलं. तेव्हा काकांनी आम्हाला गृहपाठ दिला. दात घासताना, शाळेत जाताना, जमेल तेव्हा डावा डोळा मिटायची सवय करायची. आम्ही तो मनापासून केला. चार-सहा दिवसांत कोपऱ्यावरचा वाणी माझ्या वडिलांकडे येऊन गेला आणि आईने माझी बखोटी धरून मला थेट काकूंच्या स्वयंपाकघरात उभं केलं.

"वहिनी, भावोजींना सांगा हो काहीतरी. ही कार्टी वाण्याला डोळा मारून आली."

काकू पदर तोंडाला लावून खूप हसल्या. हसू ओसरल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "म्हणून तर मी त्या यंत्राच्या वाऱ्याला उभी राहत नाही. ह्यांना वाटतं, मला आवडच नाही. पण पोराबाळांसमोर, चार माणसांत, बाईमाणसाने एक डोळा कसा मिटायचा गं? आणि खरं सांगू का, मला मिटताच येत नाही. दोन्ही मिटतात."

माझ्या पोटात काही राहत नसे. पुढच्या रविवारी मी काकांना सगळं सांगून टाकलं. काचपट्टीवरचा थेंब वाळून गेला तरी काका तसेच बसले होते. "येत नाही होय तिला," एवढंच म्हणाले आणि त्या दिवशी आम्हाला लवकर घरी पिटाळलं.

त्यानंतर एका दुपारी आईने मला खिरीची वाटी देऊन खाली पाठवलं. दार लोटलेलं होतं. आत खिडकीपाशी काकू पाटावर गुडघे दुमडून बसल्या होत्या आणि काका त्यांच्या मागे वाकून उभे होते. त्यांनी आपला तळवा काकूंच्या डाव्या डोळ्यावर अलगद ठेवला होता. त्या काळी आमच्याकडे नवऱ्याने बायकोला हात लावलेला मी कधी पाहिला नव्हता, त्यामुळे मी जिथल्या तिथे थबकले.

बऱ्याच वेळाने काकू म्हणाल्या, "हा कांदा?"

"कांदाच."

"अगंबाई. एवढं सगळं मी रोज चिरते?"

ढग सरकला असावा, कारण खोलीतला उजेड थोडा बदलला आणि काका हात काढू लागले.

"राहू द्या," काकू म्हणाल्या. "अजून बघत्येय मी."

मी वाटी उंबऱ्याशी ठेवली आणि पाय न वाजवता वर आले. आता ते दोघंही नाहीत आणि ती खिडकीही नाही. पुढे कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी पुष्कळ चांगले सूक्ष्मदर्शक वापरले, आता माझ्या नातीला एक आणून दिलाय. एक डोळा मिटणं मला केव्हाच जमलंय. तरी नळीला डोळा लावला, की मी दुसरा मिटत नाही, त्यावर तळवा ठेवते. तो माझाच असतो, एवढंच.